सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी खेळणी, कुठल्या वयाला काय घ्याल

सावंतवाडीला गेलात की नुसते मोती तलावावर फोटो काढून परत येऊ नका, चितार आळीत जा, आणि घरात लहान मूल असेल तर नक्कीच जा. आम्ही जातो ते दुकान छोटंसं आहे, बाहेर पांगुळगाडे मांडलेले, आत फळीवर लाकडाची फळं, भाज्या, भातुकली. भाच्यासाठी घ्यायला गेले तर तिथल्या काकींनी पहिल्यांदा हेच विचारलं, "झील किती म्हयन्यांचो? धरून उभो ऱ्हवता काय?" बॉक्सवर एज्युकेशनल लिहिलंय म्हणून आपण काहीही उचलतो, पण खरा प्रश्न हाच असतो ना, मूल आत्ता काय करायला लागलंय.

मी सगळ्यात जास्त मार्क देईन फळांच्या सेटला. एकच सेट आमच्याकडे तीन वेगवेगळ्या वयांची मुलं खेळतात आणि तिघं तीन वेगळे खेळ खेळतात. भाचा आठ महिन्यांचा, तो आंबा या हातातून त्या हातात घेतो, तोंडात घालतो, पाटावर आपटून आवाज ऐकतो. आंब्यावर टॉवेल टाकला की आधी तो सरळ दुसरीकडे बघायचा, आंबा जणू संपलाच, आणि आता टॉवेल ओढून काढतो. पियाजे म्हणून स्विस मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी आपल्याच मुलांचं निरीक्षण करून हे मांडलं होतं, की डोळ्याआड गेलेली वस्तू असतेच कुठेतरी हे बाळाला हळूहळू कळत जातं. त्याच्यापुढे दीडदोन वर्षांचं झालं की केळं कानाला लावून फोन सुरू, लुटुपुटूचं सगळं, आणि ते फालतू नाहीये बरं का, एका वस्तूला दुसरी मानता येणं हीच पुढे अक्षरं नि आकडे शिकण्याची तयारी.

माझ्या साडेचार वर्षांच्या मुलीसमोर मी पाच आंबे एका ओळीत नि पाच केळी दुसऱ्या ओळीत लावली, समोरासमोर. सारखी आहेत म्हणाली. मग तिच्यासमोरच केळी जरा लांब लांब सरकवली तर लगेच "केळी जास्त झाली!" मोजायला सांगितलं, दोन्हीकडे पाच आले, तरी केळीच जास्त. इथे ओरडू नका प्लीज, मूल ढ नाहीये, या वयात जे लांब दिसतं तेच जास्त वाटतं, सहासात वर्षांच्या आसपास ते आपोआप सुटतं. पुतण्या आठ वर्षांचा आहे, तो ह्याच फळांचं दुकान मांडून उधारी लिहितो आणि नियम मोडला की भांडतो.

पांगुळगाडा पण चांगला आहे, पण धरून स्वतः उभं राहायला लागल्यावरच द्या आणि घसरत्या लादीवर नको. आत बसवायचा चाकांचा गोल प्लॅस्टिकचा वॉकर मात्र कुणी गिफ्ट दिला तरी परत करा, त्याने मूल लवकर चालत नाही, उलट जिन्यावरून पडायची भीती, कॅनडाने तर 2004 मध्ये त्यावर बंदीच घातली.

आता जे आवडलं नाही ते. सेटमध्ये लिंबू, लसूण, मिरची एवढी बारीक असते की अख्खी तोंडात जाईल, तीन वर्षांखालचं मूल असेल तर ती काढून वर ठेवा, दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही, सांगायला पाहिजे. दुसरं म्हणजे रंग. 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क लागतो पण नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे, त्यामुळे इथे मार्क दिसला नाही तर घाबरू नका, पण रंग कुठला आहे हे तोंडाने विचारा आणि ओल्या रुमालाने एकदा घासून बघा. मागे दुसरीकडून घेतलेल्या एका सेटचा लाल रंग रुमालावर उतरला होता, तो मी बाळाला दिलाच नाही. इथल्या फळांचा उतरला नाही.

भाव सगळीकडे सारखे नाहीत, दोनचार दुकानं फिरा. घासाघीस फार करू नका, हाताचं काम आहे. मे महिन्यात चाकरमानी आले की गर्दी असते, सकाळी लवकर गेलात तर काकी सगळा माल खाली काढून नीट दाखवतात आणि मुलाला हातात पण घेऊ देतात.