खरा मेल स्पॅममध्ये, खोटा समोर

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. दिवसातून दहा वेळा सभासदांना बजावते, "ओटीपी कुणाला सांगू नका हं." आणि ऑगस्ट 2024 मधल्या एका रविवारी, दुपारच्या जेवणाची ताटं अजून उचलली नव्हती तेवढ्यात, माझ्याच खात्यातून 24,999 रुपये गेले. ओटीपी मी कुणाला सांगितला नव्हता, एका पानावर भरला होता. तक्रार नोंदवताना हा फरक मला फार मोठा वाटत होता. पलीकडच्या माणसाला तो वाटला नाही.

मेल आयकराच्या परताव्याचा होता. खात्याचा तपशील जुळत नसल्याने 18,460 रुपये अडकलेत, चोवीस तासांत दुरुस्त करा. विवरणपत्र मी जुलैअखेर भरलं होतं आणि परतावा यायचाच होता, म्हणून मेल अगदी वेळेवर आल्यासारखा वाटला. माझ्या हिशेबाने साडेसहा हजार यायला हवे होते. जास्तीचा आकडा बघून संशय यायचा, तर मला वाटलं, सीए साहेबांनी यंदा चांगलं काम केलेलं दिसतंय!

लिंक दाबली. पानावर चार सिंहांची राजमुद्रा, मराठीचा पर्यायसुद्धा. आधी पॅन, मग जन्मतारीख, मग कार्डाचा नंबर आणि कार्डामागचे तीन आकडे. पैसे जमा करायला ते तीन आकडे कशाला लागतात? परतावा तर विवरणपत्रात दिलेल्या, पोर्टलवर आधीच पडताळलेल्या बँक खात्यात थेट येतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही, त्या दुपारी आठवलं नाही.

ओटीपीचं मात्र सविस्तर सांगते, कारण तुमच्या फोनवरही तसंच होत असेल. मेसेज आला की कीबोर्डच्या वरच्या पट्टीत ते सहा आकडे आपोआप दिसतात. त्यावर बोट ठेवलं की भरले जातात, मेसेज उघडावा लागत नाही. मी उघडला नाही. पानावर आलं, "ओटीपी चुकीचा, पुन्हा टाका." दुसऱ्या वेळी पट्टीत आकडे दिसेनात, म्हणून मेसेज उघडला. 24,999 रुपयांच्या खरेदीसाठी ओटीपी, असं सरळ लिहिलेलं होतं. त्याच्या वर तस्साच पहिला मेसेज, आणि मध्ये खात्यातून रक्कम वजा झाल्याचा.

ह्यांनी लगेच 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, लावला, मी बँकेच्या नंबरवर कार्ड बंद केलं. नंतर सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर लेखी तक्रार टाकली. काही रक्कम पुढच्या खात्यात गोठवली गेली, बाकीची पुढे सरकली होती. बँकेने रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक दाखवलं: ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे दुसरा ओटीपी भरून रडत बसले असते, तर तेही माझ्याच माथी.

संध्याकाळी भाचा आला. त्याने मेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावावर बोट दाबलं आणि खालचा पत्ता उलगडला. नाव आयकराचं, पत्ता कसल्याशा अक्षरांची खिचडी. सरकारी पत्त्याच्या शेवटी असतं ते 'जीओव्ही डॉट इन' नावालाही नाही. मग त्याने स्पॅमचा कप्पा उघडला आणि म्हणाला, "आत्या, हे काय?"

खरी सूचना तिथे पडली होती. आयकर खात्याची, कलम 143(1) ची, म्हणजे विवरणपत्र तपासून झाल्याची, आठ दिवसांपूर्वी आलेली. परतावा 6,520 रुपये. ती वाचली असती तर 18,460 चा मेल उघडताक्षणी खोटा ठरला असता.

ती स्पॅममध्ये गेली कशी? बहुतेक माझ्याच हाताने. रात्री टीव्ही बघता बघता नको असलेल्या प्रत्येक मेलवर 'स्पॅम' दाबायची मला सवय. साडीवाल्यांची ऑफर, बँकेची कर्जाची जाहिरात, आयकर खात्याची आगाऊ कर भरण्याची आठवण, सगळ्यांना एकच बटण. ते बटण केर काढत नाही, पुढच्या वेळी काय अडवायचं ते मेलबॉक्सला शिकवतं. मी आयकर खात्यालाच अडवायला शिकवत होते. शिवाय जीमेलमध्ये स्पॅममधलं 30 दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणजे आणखी तीन आठवड्यांनी ती सूचना तिथेही नसती.

आता मी थोडी थांबते. साडीवाल्यांना पत्ता मीच दिला होता, बिल करताना. त्यांचं 'अनसबस्क्राइब' केलं, म्हणजे यापुढे मेल नकोत असं कळवलं. मोठ्या प्रमाणावर जाहिराती पाठवणाऱ्यांनी एका क्लिकवर ते करू द्यावं, अशी अट जीमेल आणि याहूने 2024 मध्ये घातली आहे. ज्यांचं नावही कधी ऐकलं नाही, त्यांना स्पॅम. पण त्यांच्या मेलच्या तळाशी असलेलं 'अनसबस्क्राइब' दाबत नाही. दाबलं की त्यांना कळतं, इथे माणूस राहतो. बँक, आयकर, मुलीचं कॉलेज यांना कितीही कटकट झाली तरी स्पॅम नाही. जाहिराती फारच झाल्या तर बँकेच्या साइटवर जाऊन त्या बंद करते.

आणि जो दुसऱ्याचं सोंग घेऊन येतो, त्याला नुसतं स्पॅमही नाही. जीमेल संगणकावर उघडलं की मेलच्या उजवीकडे तीन ठिपके असतात, त्यात फिशिंग, म्हणजे खोट्या नावाने माहिती उकळणारा मेल, म्हणून कळवायचा वेगळा पर्याय आहे. तो दाबायला दोन सेकंद जास्त लागतात. इतकी वर्षं ते ठिपके काय करतात ते मी पाहिलंच नव्हतं.

सोमवारी कामावर गेले. शेजारच्या काउंटरवरच्या ताईंना विचारलं, तुम्हाला असा काही मेल आला होता का? "आला होता की, मागच्या आठवड्यात. खोटा दिसला, डिलीट केला."

मी काही बोलले नाही. जूनमध्ये कुरियरच्या नावाने आलेला तसलाच एक मेल मीही नुसता डिलीट केला होता.