हिरवळीच्या खतासाठी तागाचं बियाणं : 5 पैकी 4 स्टार

आडसाली ऊस (पावसाळ्यात लावायचा) लावायच्या आधी रान रिकामंच पडतं आमच्याकडे वाळवा भागात, आणि रिकाम्या रानात काय येतं ते सगळ्यांनाच माहितीये, काठेमाठ, केना, घोळ, बांधाकडनं काँग्रेस गवत. त्यात ताग फोकला, म्हणजे हातानं विस्कटून पेरला, वाढवून हिरवाच जमिनीत गाडायला. एकरी 20-25 किलो म्हणतात, ते पूर्ण टाका, वाचवायला जाऊ नका, कारण तणाचा सगळा खेळ दाटीवर आहे. पातळ पेरला की मधल्या फटीत गवत, दाट पडला की खाली ऊनच जात नाही मग तण उगवून करणार काय. बारीक बी असलेली तणं जवळपास संपली. लव्हाळा आणि हरळी मात्र जात नाही हां, सावलीनं जरा दबतात एवढंच, दुकानदार काहीही सांगू देत.

उगवण मस्त, चार-पाच दिवसात रान हिरवं. मुळं उपटून बघा, गाठी आतून गुलाबी दिसल्या म्हणजे हवेतलं नत्र धरायचं काम चालू आहे. सुपर फॉस्फेट तागालाच टाकलं तरी वाया जात नाही, पाल्यातनं परत जमिनीतच येतं. सूत्रकृमीचा (मुळांना लागणाऱ्या बारीक किड्यांचा) त्रास असलेल्या रानात तर ताग करावाच.

आता महत्त्वाचं. फुलकळी दिसली, साधारण 45 दिवस, की गाडायचा, अजून थोडा वाढू दे अजून पाला मिळेल असला मोह नको. पुढं दांडा वाखाचा, म्हणजे दोरीसारखा चिवट होतो, लवकर कुजत नाही, उलट कुजताना जमिनीतलंच नत्र ओढतो, आणि रोटाव्हेटरला असा गुंडाळतो की ड्रायव्हर कोयता घेऊन खाली बसतो आणि भाडं तुमचं चालू. कोवळा असताना पलटी नांगर मारला तर काही त्रास नाही. गाडताना ओल पाहिजे, आणि उसाच्या लागणीआधी दोन-तीन आठवडे कुजायला द्या. फुलावर केसाळ अळी येते कधीकधी, पण गाडायचाच आहे तर फवारणीचा खर्च कशाला.

एक स्टार कापला तो बियाण्यातल्या भेसळीसाठी. दुकानाचं नाव घेत नाही, पण पोत्यात दुसरंच काळं बी मिसळलेलं होतं आणि तण मारायला आणलेल्या बियाण्यातनंच तण, आता काय बोलायचं. लेबलवर उगवणशक्ती, शुद्धता आणि तारीख बघूनच घ्या, सुटं तर अजिबात नको, पक्कं बिल मागा.

ज्यांच्या रानात पाणी साचतं किंवा जमीन चोपण (खारवट, पाणी न जिरणारी) आहे त्यांनी मात्र ताग घेऊ नका, पिवळा पडून बसतो. तिथं धैंचा, तेही हिरवळीच्या खताचंच पीक, बियाणंही स्वस्त पडतं, फक्त बी टणक असतं म्हणून रात्रभर भिजवून पेरा. ओढ्याकडच्या तुकड्यात मी पुढच्या वेळी तोच टाकणार, वरच्या रानात परत तागच, दुकान बदलून.