डार्विनहून चार दिवसांची काकाडू सहल: भिंतीवरचा चोणक आणि गाडीतले तास

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या काकाडू राष्ट्रीय उद्यानात, उबिरच्या मुख्य गॅलरीत, पुढे झुकलेल्या कातळाखाली, मासे रंगवलेले आहेत. मणका दिसतो, पोटातली हवेची पिशवी दिसते, काळीज दिसते. चिरलेला मासा पाटावर मांडावा तसे सगळे आतले बाहेर. मडगावच्या मासळी बाजारात वावरलेल्या माणसाला शेजारचा फलक वाचायची गरज नाही. डोक्यामागचा तो खोलगट बाक आणि गोल शेपटी पाहिली की ओळख पटते: हा चोणक. तिकडे त्याला बारामुंडी म्हणतात, जात तीच. आपण ज्याला रवा लावून तळतो, त्याला त्यांनी भिंतीवर चढवला आहे.

ही सहल या भिंतींसाठी आणि त्या भिंतींच्या आदिवासी मालकांसाठी करावी. धबधब्यांसाठी करणार असाल तर पैसे फुकट जातील. ते का, ते पुढे येते.

डार्विनमधून ही चार दिवसांची सहल बऱ्याच कंपन्या विकतात आणि मार्ग थोड्याफार फरकाने एकच असतो. पहिल्या दिवशी आर्नहेम हायवेने काकाडू आणि संध्याकाळी उबिर. दुसरा दिवस जिम जिम धबधब्याचा किंवा ईस्ट ॲलिगेटर नदीवरच्या बोटीचा. तिसऱ्या दिवशी बुरुंगकुय, म्हणजे जुने नाव नोरलँजी, हा चित्रांचा कातळ, आणि यलो वॉटर या पाणथळीतली बोट. चौथ्या दिवशी कॅथरीनजवळची नित्मिलुक दरी, किंवा लिचफील्ड उद्यान, किंवा घाईघाईत दोन्ही. ‘दोन्ही’ लिहिलेले दिसले की सावध व्हा. काकाडू एकटेच सुमारे 19,800 चौरस किलोमीटरचे, पाच गोवे आत मावून वर जागा उरेल. डार्विन ते काकाडूतले जबिरू गाव 250 किलोमीटर, तिथून उबिर आणखी 40, डार्विन ते कॅथरीन 300 च्या वर. गोव्याच्या उत्तर टोकाच्या पत्रादेवीहून दक्षिण टोकाच्या पोळ्यापर्यंत जायचे म्हटले तरी आपण मध्ये दोनदा चहाला थांबतो. नित्मिलुकची दरी सुंदर आहे, जावोयन आदिवासींना ती जमीन 1989 मध्ये परत मिळाली आणि बोटीही त्यांच्याच आहेत. पण दोन तासांच्या बोटीसाठी अर्धा दिवस गाडीत जातो. पाच दिवस असतील तर घ्या. चारच असतील तर चारही काकाडूत घालवणारी सहल शोधा. तीन दिवसांची फक्त काकाडूची मिळाली तरी ती या चार दिवसांच्या धावपळीपेक्षा बरी.

आता धबधबे. जिम जिमचा कडा सुमारे 200 मीटरचा. दूधसागर 310 मीटरचा, आणि तो कुळेपासून जीपने गाठता येतो. जिम जिमची अडचण उंचीची नसून वेळेची आहे. पावसाळ्यात तो भरून कोसळतो तेव्हा रस्ता पाण्याखाली असतो. रस्ता उघडतो साधारण जूनमध्ये, आणि तोवर पाणी ओसरू लागलेले असते. सप्टेंबरात बहुतेक कोरडा कडा आणि खाली गार डोह एवढेच उरते. माहितीपत्रकातला तो गर्जणारा फोटो हेलिकॉप्टरमधून काढलेला असतो. वाटही सोपी नाही. शेवटचे दहा किलोमीटर फक्त उंच चाकांच्या फोर-व्हीलचे, मग एक किलोमीटर घराएवढ्या दगडांवरून हातापायाने चढत-उतरत, परत येताना तेच. गुडघ्याचे दुखणे असलेल्यांनी त्या दिवशी नदीची बोट निवडावी. सॅंडल घालून ही वाट होत नाही.

उघडायला एवढा वेळ का लागतो, याचे उत्तर मगर. पुरात खाऱ्या पाण्याच्या मगरी वरच्या डोहांपर्यंत पोचतात आणि पाणी ओसरले की अडकतात. रेंजर रात्री बॅटरी मारून डोळ्यांची चमक शोधतात, सापळे लावतात, पाण्यात तरंगत्या बोया सोडतात आणि त्यांवर दातांच्या खुणा उमटतात का ते पाहतात. सगळे निभावले तर पोहायला परवानगी, तीही स्वतःच्या जबाबदारीवर. त्यामुळे तारीख आधी कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. जो एजंट सांगतो त्याला दुसरा प्रश्न विचारा: बंद असेल तर त्या दिवशी काय दाखवणार? उत्तर लेखी घ्या. तसेच गुनलोम धबधब्याचे. कड्याच्या टोकावरच्या त्या डोहाचा फोटो अजून जाहिरातींत फिरतो, पण 2019 मध्ये पवित्र स्थानाला खेटून पायवाट बांधल्यावरून जावोयन मालकांनी हरकत घेतली आणि जागा वर्षानुवर्षे बंद राहिली. देवराईतून कोणी न विचारता रस्ता काढला तर गावकर काय म्हणतील, तेच ते म्हणाले.

कधी जावे? काकाडूचे मूळ रहिवासी, बिनिञ आदिवासी, वर्षाचे सहा ऋतू मानतात. (त्या नावाचा शेवटचा वर्ण इंग्रजीत ‘एनजे’ असा लिहितात आणि पर्यटक तिथे अडखळतात. आपल्या बाराखडीत बेकार पडून असलेला ञ इथे कामाला येतो.) गोव्यातल्या सुट्ट्या या ऋतूंशी जुळत नाहीत, हे आधीच मान्य करून टाकावे. मे महिना म्हणजे येग्गे: हवा निवू लागलेली, पाणथळ जागा कमळांनी भरलेल्या, पण जिम जिम बंद आणि काही रस्ते अजून चिखलात. जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत वुर्रगेंग. दिवसा 32 अंश, रात्री पांघरूण लागते, सगळे उघडे, आणि म्हणूनच सगळीकडे गर्दी. आपल्याकडे मुसळधार पाऊस असताना तिकडे कोरडे, त्यामुळे ज्यांची शाळा-कॉलेजे मध्ये येत नाहीत त्यांच्यासाठी हाच काळ. श्रावण आणि चवथ सांभाळून तारखा काढा. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर गुनुमेलेंग गाठाल: 37–38 अंश, आपल्या मे अखेरीसारखे घामट, वीज चमकते, पाऊस मात्र तुरळक सरींचाच. धबधबे कोरडे. पण पाणी आटल्यामुळे पक्षी उरलेल्या डोहांभोवती गोळा होतात आणि यलो वॉटरच्या बोटीतून या दिवसांत सर्वात जास्त पाखरे दिसतात. पाखरांसाठी जाणाऱ्याने उन्हाळा सोसून हाच काळ निवडावा.

यलो वॉटरला पहाटेची फेरी घ्या. ती दोन तासांची असते, दिवसाच्या फेऱ्या दीड तासाच्या. कमळपक्षी पानांवरून चालतो, काळ्या मानेचा करकोचा उथळात उभा असतो, आणि काठावर मगर तोंड उघडून पडलेली असते. तोंड उघडे म्हणजे चिडली नव्हे, अंग थंड करते आहे. दुपारची फेरी देणारी सहल पैसे वाचवत असते, तुमचे नव्हे.

सहलीची खरी परीक्षा ईस्ट ॲलिगेटर नदीवर होते. (1820 च्या सुमारास फिलिप पार्कर किंग या ब्रिटिश दर्यावर्द्याने इथल्या मगरींना ॲलिगेटर समजून नद्यांना तशी नावे दिली. ऑस्ट्रेलियात ॲलिगेटर नाही.) नदीच्या अलीकडे काकाडू, पलीकडे आदिवासींच्या मालकीचा आर्नहेम लँड हा प्रदेश. इथली गुलुयांबी बोट स्थानिक आदिवासी वाटाडे चालवतात आणि पलीकडच्या काठावर उतरवतातही. केवड्याच्या जातीचे झाड दाखवून पाने कशी चिरायची, वाळवायची, मुळांच्या रंगात कशी उकळायची, त्यांची पिशवी कशी विणायची ते सांगतात. नात्यांचे नियम सांगतात: जावयाने सासूशी थेट बोलायचे नाही, तिच्या उपस्थितीत वापरायची भाषासुद्धा वेगळी. बोटीत या वाक्यावर हमखास हशा पिकतो. पण वाटाड्या विनोद करत नसतो.

मगरीशी असलेले त्यांचे नाते गोमंतकीयाला इतरांपेक्षा लवकर कळावे. दुर्भाटसारख्या गावांत पौष अमावास्येला खाजनाच्या बांधावर चिखलाची मगर घडवून तिची पूजा होते, ती मांगे थापणी. भीती आणि मान एकाच मातीत. ओळख आणखी आहे. डार्विनच्या दुकानांत चूर्ण करून विकतात तो काकाडू प्लम, क जीवनसत्त्वाने ठासून भरलेला, टर्मिनेलिया कुळातला. आपला राज्यवृक्ष माट्टी त्याच कुळातला, हिरडा-बेहडाही त्यातलेच. आणि लिचफील्डची वारुळे, दोन-दोन मीटर उंच, पाट्यांसारखी चपटी, सगळी उत्तर-दक्षिण उभी. सकाळ-संध्याकाळच्या उन्हाला रुंद बाजू, दुपारच्या उन्हाला फक्त धार, म्हणून आतली उष्णता बेताची राहते. रोयणीला सांतेरी म्हणून हात जोडणाऱ्यांना तिथे उभे राहून वेगळेच वाटेल. वाटाड्या हे सांगत नाही. त्याला आपली रोयण कुठून ठाऊक?

बुकिंग करताना एकच आकडा विचारा: चार दिवसांत स्थानिक आदिवासी वाटाड्यासोबत किती तास? डार्विनचा चालक चांगला असू शकतो, पक्षी ओळखतो, चाक बदलतो, संध्याकाळी भाजतोही. पण भिंतीवरची गोष्ट सांगण्याचा अधिकार त्याला नाही, आणि चांगला चालक तसे स्पष्ट म्हणतो. जो प्रत्येक चित्राचा ‘गूढ अर्थ’ सांगत सुटतो त्याच्यापासून जपा. बिनिञ वाटाड्यासुद्धा मध्येच ‘ही गोष्ट माझी नाही’ म्हणून थांबतो. ती उणीव समजू नका. बाहेरच्यांना सांगायचे वेगळे, दीक्षा घेतलेल्यांचे वेगळे, काही फक्त बायकांचे, काही फक्त पुरुषांचे.

बुरुंगकुयच्या अंबांगबांग गॅलरीत वीज पाडणारा नामर्रगोन दिसतो, सांध्यांना कुऱ्हाडी बांधलेला. इथली ठळक चित्रे 1963–64 च्या सुमारास नायोंबोल्मी या चित्रकाराने पुन्हा रंगवली. ‘मग जुनी नव्हेत’ असे म्हणून काही जण नाक मुरडतात. देवळाला दरवर्षी रंग दिला म्हणून देव नवा होतो का? रंगांचा मात्र अभ्यास करा. तांबडा लोहखनिजाचा, तो दगडात मुरतो, म्हणून सर्वात जुनी चित्रे तांबडी उरली. पांढरा मातीचा, वर बसतो आणि पापुद्रा होऊन गळतो. विसाव्या शतकात कपड्यांची नीळसुद्धा रंगपेटीत आली. रिवणजवळ उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्यात कोरलेली चित्रे (1993 पासून अभ्यासकांच्या नजरेत आलेली) पाहून गेलात तर फरक नीट कळतो: आपली कोरलेली, आडवी, नदीच्या गाळाखाली जाणारी, त्यांची रंगवलेली, उभी, छताखाली कोरडी राखलेली. हात कुठेच लावायचा नाही.

मुक्काम तंबूत किंवा ‘स्वॅग’मध्ये. स्वॅग म्हणजे आपली जुनी वळकटी, वर कॅनव्हासचे कव्हर. जुलैत छान झोप लागते, ऑक्टोबरात आत उकडते आणि बाहेर डास. जेवणात कांगारू, म्हैस, चोणक येतो. शिवराक (शाकाहारी) असाल तर बुकिंग करतानाच लिहा, तरी भाजी-ब्रेड-सॅलडवर भागवावे लागेल. सोबत काय न्यावे यापेक्षा काय नेऊ नये ते महत्त्वाचे. ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर खाण्याचे, झाडाचे, प्राण्यांचे सगळे कार्डावर जाहीर करावे लागते: सोलां, सुके बांगडे, लोणचे, प्रसादाचा नारळ, सगळे. जाहीर केलेले फार तर काढून घेतात. लपवलेले सापडले तर दंड जबर. कुळागराची माती लागलेले बूट घरीच घासून न्या, तेही तपासतात.

पार्कचा पास (हंगामात प्रौढाला सुमारे 40 डॉलर, सात दिवस चालतो) आणि बोटींची तिकिटे किमतीत धरली आहेत का ते विचारा. स्वस्त दिसणाऱ्या सहली इथेच महाग पडतात. वेळ भारतापेक्षा चार तास पुढे, फोनला टेल्स्ट्राचे सिम, चालताना तासाला एक लिटर पाणी. पाण्याच्या काठापासून पाच मीटर लांब, फोटो काढतानाही.

आर्नहेम लँडमधल्या गुनबलान्या गावाला नेणारी सहल मिळाली तर थोडे जास्त द्या. इंजलाक कला केंद्राच्या ओट्यावर चित्रकार साल आणि कागद रंगवत बसलेले असतात, बायका टोपल्या विणतात, आणि विकत घेतलेल्या वस्तूवर करणाऱ्याचे नाव मिळते. परवाना नॉर्दर्न लँड कौन्सिलचा लागतो, तो सहलवाला काढतो. परवानगीशिवाय दारू नेता येत नाही, पिशवीतली एक बाटलीही नाही. वाटेत काहिल्स क्रॉसिंग आहे, भरतीच्या पाण्याखाली जाणारा काँक्रीटचा रस्ता. त्यामुळे त्या दिवशी निघायची वेळ घड्याळ ठरवत नाही, भरतीचे कोष्टक ठरवते. पहाटे साडेपाचला उठवले तर कुरकुर करू नका.