कॅप्सूल की ताक-कण्या?

काकांची तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.२ आली. मधुमेह नाही, पण उंबरठा आहे. काकूंनी विश्रामबागेतल्या मेडिकलमधून प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला उपयोगी जिवाणूंच्या, कॅप्सूल आणल्या आणि मला विचारलं, "ह्या सुरू करू, का घरचं ताकच बरं?"

कॅप्सूलच्या बाजूने आधी बोलतो. कुठला जिवाणू आणि किती, हे पाकिटावर छापलेलं असतं. ताकाच्या बाबतीत ते कोण सांगणार? पण कॅप्सूलमध्ये बहुधा लॅक्टोबॅसिलस, बिफिडो अशी मंडळी असतात आणि साखरेवर त्यांचा फरक दिसला तरी बेताचाच. २०१९ साली बेल्जियममध्ये जाड माणसांना अकरमॅन्सिया नावाचा वेगळाच जिवाणू दिला, तेव्हा इन्सुलिनला शरीर जरा बरं दाद देऊ लागलं. गंमत म्हणजे जिवंतापेक्षा पाश्चरायझेशन करून मारलेला जिवाणू सरस ठरला. प्रयोग पूर्ण करणारे जेमतेम ३२ जण होते, तेव्हा त्यावर फार उड्या नकोत. अँटिबायोटिकनंतर सरसकट कॅप्सूल घेण्याबद्दलही मी साशंक आहे. २०१८ च्या एका इस्रायली प्रयोगात त्यामुळे मूळचे जिवाणू परतायला उलट उशीर लागला.

ताक स्वस्त, पण त्यातलेही जिवाणू पोटात कायमचे राहत नाहीत, रोज प्यावं लागतं. स्टॅनफर्डच्या २०२१ च्या प्रयोगात दहा आठवडे आंबवलेलं खाणाऱ्यांच्या आतड्यांतल्या जिवाणूंचं वैविध्य वाढलं, दाह दाखवणारी १९ प्रथिनं घटली. मात्र ते लोक दिवसाला सहाएक वेळा असले पदार्थ खात होते. आपलं दुपारचं भांडंभर ताक त्यापुढे थोडकंच. आणि कढी उकळली की जिवाणू संपले, चव तेवढी उरते. साखर घातलेली लस्सी तर काकांना नकोच.

पण ताक काय नि कॅप्सूल काय, दोन्ही शेवटी विरजण. पातेल्यात दूधच नसेल तर विरजण टाकून दही कसं लागणार? इथे दूध म्हणजे चोथा. आपल्याला न पचणारे तंतू मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेट, प्रोपिओनेट अशी आम्लं तयार होतात. ब्युटिरेटवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. या आम्लांमुळे जीएलपी-१ हे संप्रेरकही स्रवतं आणि ते इन्सुलिनला हात देतं. २०१८ साली चीनमध्ये मधुमेहींना भरपूर आणि तऱ्हेतऱ्हेचा चोथा दिला, तर १२ आठवड्यांत त्यांची एचबीएवनसी इतरांपेक्षा जास्त उतरली.

म्हणून माझा कौल ताक-कण्यांना. जतकडचा शाळू भरडून शिजवायचा, निवू द्यायचा आणि मग ताक ओतायचं. चोथाही आला, जिवाणूही जिवंत राहिले. एकदम जास्त खाल्लं तर गॅस धरतो, तेव्हा हळूहळू वाढवायचं. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, आणि मधुमेहाची गोळी चालू असेल तर ती ताकाच्या भरवशावर सोडू नये.

काका मात्र कण्यांना तयार नाहीत. "लहानपणी दुसरं काही नव्हतं म्हणून खाल्ल्या," म्हणतात. सध्या शाळूची भाकरी, मटकीची उसळ आणि ताक यावर तडजोड झाली आहे. पाकीट काकूंनी परत केलं.