गॅसचा गिझर की टाकीचा?

घरात गरम पाण्याची सोय करायची म्हटली की पर्याय खूप दिसतात, पण छपरावरची सौर टाकी बाजूला ठेवली तर शेवटी दोनच उरतात: नळ सोडताच पेटणारा गॅस गिझर, नाहीतर पाणी तापवून धरून ठेवणारा विजेचा टाकीचा गिझर. भिंतीवरचा ३ किलोवॅटचा टाकीशिवायचा छोटा विजेचा इन्स्टंट गिझर मी यात धरत नाही. १ किलोवॅट उष्णता मिनिटाला १ लिटर पाणी साधारण १४ अंशांनी तापवते. म्हणजे २० अंशांची वाढ हवी असेल तर ३ किलोवॅटमध्ये मिनिटाला जेमतेम २ लिटर पाणी मिळणार. भांडी घासायला पुरेल, अंघोळीला नाही. हा १४चा आकडा मात्र डोक्यात असू द्या, पुढे लागणार आहे.

मी दोन्ही वापरले आहेत आणि आता माझ्याकडे टाकी आहे. तरी आधी गॅसची बाजू मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. पाणी संपत नाही. पाठोपाठ चौघं अंघोळीला गेले तरी चौथ्याला पहिल्याइतकंच कढत पाणी मिळतं. ‘६ लिटर’ लिहिलेला गॅस गिझर म्हणजे सहसा मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा, अर्थात साडेदहा किलोवॅटच्या आसपासचा. विजेवर एवढी ताकद हवी तर बऱ्याच घरांत वायरिंगपासूनच सुरुवात करावी लागेल.

टाकीचं गणित याच्यापुढे गरीब दिसतं. २५ लिटरची टाकी ६० अंशांवर आणि नळाचं पाणी २० अंशांवर असेल, तर दोन्ही मिसळून ४० अंशांचं ५० लिटर पाणी कागदावर मिळतं. प्रत्यक्षात गरम पाणी वरून निघतं तसं खालून थंड शिरत जातं आणि शेवटचा वाटा कोमट येतो. मी ४० लिटरच धरतो. मिनिटाला ८ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली ती पाच मिनिटं झाली. मग २ किलोवॅटच्या कॉइलला पुन्हा टाकीभर पाणी तापवायला ३५ मिनिटं लागतात. १५ लिटरची टाकी २१ मिनिटांत तापते, पण तिच्यात शॉवर आटोपेल असं गृहीत धरू नका. बादलीने अंघोळ करणाऱ्या एकट्या माणसाला ती चालते.

एवढं वाचून गॅस घ्यावासा वाटला तर तुमचं काही चुकत नाही. मला त्यातून बाहेर काढलं ते उन्हाळ्याने.

गॅस गिझर पाण्याच्या धारेवर पेटतो. ठरावीक धार, साधारण मिनिटाला २ ते अडीच लिटर, आतून गेली की गॅसची झडप उघडते आणि धार त्याखाली आली की ज्योत विझते. थंडीत याचा त्रास जाणवत नाही, कारण नळ पूर्ण गरमकडे फिरवलेला असतो. उन्हाळ्यात नळाचंच पाणी २८ अंशांवर येतं. अंघोळीला ४० हवं, म्हणजे वाढ फक्त १२ अंशांची. मिनिटाला ४ लिटर पाण्यासाठी १४च्या हिशेबाने साडेतीन किलोवॅटसुद्धा पुरे. पण बर्नरची सर्वांत लहान ज्योतच त्याहून मोठी असेल तर पाणी चटका देणारं येणार. मग आपण थंड नळ थोडा सोडतो. त्यामुळे गिझरमधून जाणारी धार कमी होते आणि उरलेलं पाणी आणखी तापतं. थंड अजून थोडं सोडावं, तर धार मर्यादेखाली जाते, ज्योत विझते आणि डोक्यावर थेट गार पाणी. थंड बंद करा, पुन्हा पेटेल, पुन्हा चटका. डोळ्यांत साबण असताना हा खेळ रोज खेळायला माझी तयारी नव्हती.

दुकानात सगळे ‘किती लिटरचा’ विचारतात. खरा प्रश्न आहे, कमीत कमी किती किलोवॅटवर जळतो? ज्योत आपोआप लहानमोठी करणारी मॉडेल्स मिळतात, त्यांत हा त्रास बराच कमी होतो असं मानायला जागा आहे. पण तिथेही खालची मर्यादा असतेच, आणि माहितीपत्रकात ती शोधावी लागते. गिझर गरजेपेक्षा मोठा घेतला तर सहसा ही मर्यादाही वर सरकते, म्हणून ‘थोडा मोठाच घ्या’ हा सल्ला गॅसच्या बाबतीत उलटा पडतो.

त्यात पाण्याचा दाब. गच्चीवरची पाण्याची टाकी शॉवरपेक्षा ३ मीटरच उंच असेल तर दाब जेमतेम ०.३ बार. पाइपातले वाकडेतिकडे जोड आणि क्षारांनी निम्मा बुजलेला शॉवर यातून वाट काढत धार टिकली तर टिकली. साबण लावायला नळ मिटला की आणखी एक गंमत होते. पुन्हा सोडल्यावर आधी पाइपातलं गरम पाणी येतं, मग ज्योत पेटायच्या आत पुढे सटकलेलं थंड, मग परत गरम. टाकीला यातलं काही ठाऊक नसतं. बारीक धार सोडा, मोठी सोडा, मध्येच बंद करा, ती आहे तेच पाणी देते.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात. बंद न्हाणीघरात गॅस गिझर बसवायचाच नाही, यावर तडजोड नको. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि माणूस सावध होण्याआधीच शुद्ध हरपू शकते. गिझर मोकळ्या हवेत हवा, किंवा धूर थेट बाहेर नेणारी नळी असलेला. टाकीला स्वतंत्र सर्किट, नीट अर्थिंग आणि गळतीचा करंट लागताच तोडणारा ३० मिलिॲम्पिअरचा ब्रेकर लावा.

थर्मोस्टॅट मी ६० अंशांवर ठेवतो. वीज वाचवायला ४०-४५वर ठेवणारे आहेत, पण न्यूमोनियासारखा आजार करणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात ते साधारण २० ते ४५ अंशांतच, आणि साठवलेलं पाणी तिथे रेंगाळू देऊ नये. मात्र ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, तेव्हा घरात लहान मूल असेल तर गरम-थंड पाणी मिसळून तापमान मर्यादित ठेवणारा मिक्सर व्हॉल्व्ह बसवून घ्या.

तुमच्याकडे दाब चांगला असेल, बाहेरच्या भिंतीला जागा असेल आणि सकाळी सगळ्यांना एकाच तासात आवरायचं असेल, तर गॅस घ्या. मी अडवणार नाही. इतरांनी, विशेषतः उन्हाळ्यातही कोमट पाणी लागणाऱ्यांनी, २५ लिटरची टाकी घ्यावी असं माझं मत. ती न्हाणीघराच्या जमेल तितक्या जवळ बसवा. आतून १५ मिलिमीटर रुंद पाइपात दर मीटरला सुमारे पावणेदोनशे मिलिलिटर पाणी मावतं, म्हणजे टाकी १० मीटर दूर असेल तर दर वेळी पावणेदोन लिटर गार पाणी आधी वाहून जाणार.

प्लंबर निघण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणाऱ्या, आतल्या मॅग्नेशियमच्या अ‍ॅनोडपर्यंत हात पोहोचेल एवढी जागा खाली सोडली आहे ना, कारण पाणी जड, म्हणजे क्षारांचं असेल तर दर वर्षी तो काढून पाहावा लागतो. आणि सेफ्टी व्हॉल्व्हला निचऱ्यापर्यंत नळी लावली आहे ना. पाणी तापताना फुगतं, २५ लिटरला पाव-अर्धा लिटर तरी, आणि थंड पाण्याच्या पाइपात पाणी मागे जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर ते सेफ्टी व्हॉल्व्हमधूनच ठिबकणार. तापताना ठिबकलं तर तक्रार करू नका. गिझर बंद असतानाही ठिबकत राहिलं तर व्हॉल्व्ह बदलायला सांगा.