निळ्या प्रकाशाचा जेल-बॉक्स: बेळगाव, निपाणी, खानापूरच्या प्रयोगशाळांनी घ्यावा का?

डीएनएचे तुकडे जेलमध्ये लांबीप्रमाणे वेगळे होतात; रंग दिलेले त्यांचे पट्टे (बँड) खालून प्रकाश टाकून दाखवतो तो हा बॉक्स. जेलमधून डीएनएचा बँड कापून पुढे क्लोनिंग (तो तुकडा जिवाणूत घालून वाढवणं) करायचं असेल तर निळ्या एलईडीचा बॉक्स घ्याच. नुसता फोटो काढून वहीत चिकटवायचा असेल तर कपाटातला जुना अतिनील बॉक्स अजून पुरेसा आहे. पुण्या-बेंगळुरूहून कुरियरने येणारे बिननावाचे बॉक्स आता आपल्याकडच्या कॉलेजांत दिसू लागलेत. त्यांत चांगलेही आहेत आणि नुसतेच निळेही आहेत, म्हणून थोडं सविस्तर.

आधी हा खर्च कशासाठी ते पाहू. डीएनएचे बेस (त्याची 'अक्षरं') सर्वाधिक प्रकाश शोषतात तो 260 नॅनोमीटरच्या आसपास. जुन्या बॉक्सच्या नळ्या 302 किंवा 312 च्या असतात. तिथे शोषण कमी होतं, पण नळ्या इतक्या प्रखर की नुकसानीला तेवढंही पुरतं. शेजारी असलेले दोन थायमिन (एक प्रकारचे बेस) एकमेकांना चिकटतात आणि मध्ये चार कार्बनचं कडं तयार होतं. ही जोडणी साधारण एका पिकोसेकंदात होते, हे 2007 मध्ये मोजलं गेलं. नुकसान ठरतं ते एकूण किती प्रकाश पडला त्यावर, आणि ब्लेड कुठे लावायचं हे शोधण्यातच बरीच सेकंदं जातात. जोडी जमलेल्या ठिकाणी डीएनएची नक्कल करणारा पॉलिमरेज अडतो. तुकडा जितका लांब, तितक्या जोड्या अधिक. मग जेलवर बँड झकास, लायगेशनही (तुकडा जोडणं) ठीक, पण प्लेटवर जिवाणूंच्या कॉलन्या चार-पाचच. आणि दोष मात्र जोडणाऱ्या एन्झाइमच्या, लायगेजच्या माथी.

470 नॅनोमीटरचा निळा प्रकाश डीएनए शोषत नाही, शोषतो तो डीएनएला लावलेला रंग. म्हणून बँड दिसतो आणि बेस शाबूत राहतात. तरीही तासभर बॉक्सवर जेल ठेवू नका: प्रकाश शोषलेला रंग ऑक्सिजनला चेतवून थोडीफार मोडतोड करतो, शिवाय चकाकीही उतरते. दोन मिनिटांत कापून मोकळं व्हा.

बॉक्स आला की पैसे चुकते करण्याआधी तीन गोष्टी तपासा. खोलीत अंधार करा, वर काही न ठेवता निळा प्रकाश अडवणाऱ्या नारिंगी झाकणातून पाहा: जवळजवळ काळं दिसलं पाहिजे. निळसर उजेड झिरपत असेल तर फिल्टर पातळ आहे, फिकट बँड त्यात बुडणार. मग काळ्या पुठ्ठ्यात बारीक फट पाडून ती बॉक्सवर ठेवा आणि तिचं प्रतिबिंब जुन्या सीडीवर तिरपं पाहा. निळ्याच्या शेजारी हिरवा आणि लाल पट्टा उमटला तर आत पांढरे एलईडी आणि वर निळी फिल्म आहे. असा बॉक्स परत करा. तिसरी चाचणी टॉनिक वॉटरची. त्यातलं क्विनिन 470 ला गप्प राहतं, म्हणजे चमकत नाही. बाटली फिकट निळी उजळली तर एलईडी 400 च्या आसपासचे जांभळे आहेत.

रंगाची निवड बॉक्सइतकीच महत्त्वाची. 'इथिडियम ब्रोमाइडही चालेल' असं विक्रेते सांगतात. दिसतं, पण अंधुक, कारण डीएनएला बिलगलेलं इथिडियम हिरव्या प्रकाशात, 520 च्या आसपास, जास्त शोषतं. सायबर सेफ हा रंग वापरा: 40 मिलि टीएई (जेलचं बफर), 0.4 ग्रॅम अगारोज (जेलची पूड), उकळून साधारण 60 अंशांवर आल्यावर 10,000 पट तीव्रतेच्या द्रावणातले 4 मायक्रोलिटर. जेलची जाडी 4-5 मिमीच्या वर नको. हा रंग आरएनएलाही धरतो, त्यामुळे आरएनेज (आरएनए तोडणारं एन्झाइम) न घातलेल्या नमुन्यात खाली ढगासारखा पट्टा दिसतो. तो तुटलेला डीएनए समजू नका. निपाणीच्या तंबाखूच्या पानांतून डीएनए काढताना तपकिरी रंग येतो तो पॉलिफेनॉलचा. डीएनए काढायच्या सीटॅब बफरमध्ये 1-2 टक्के पीव्हीपी (पॉलिफेनॉल धरून ठेवणारा पदार्थ) घातलं की तो बराच कमी होतो. बॉक्स बदलून तो प्रश्न सुटत नाही.

सगळ्यात लवकर बिघडतं ते झाकण. ते अ‍ॅक्रिलिकचं असतं, आणि आपल्या सवयीप्रमाणे 70 टक्के अल्कोहोलने रोज पुसलं की काही आठवड्यांत केसासारख्या भेगा पडतात. साबणाचं पाणी आणि मऊ सुती कापड, बस्स. पावसाळ्यात खानापुराकडच्या दमट हवेत कोमट जेलवर झाकण टाकलं की आतून वाफ धरते आणि फोटो धूसर येतो. जेल दहा मिनिटं थंड होऊ द्या. आणखी एक: कापताना झाकण उघडावं लागतं, तेव्हा नारिंगी चष्मा हवाच. तो बॉक्ससोबत येतो का, हे ऑर्डरआधी विचारा. अडॅप्टर 12 व्होल्टचा असेल तर हेस्कॉमची (इथल्या वीज कंपनीची) वीज गेल्यावर तेवढ्याच व्होल्टच्या बॅटरीवर काम उरकता येतं. अतिनील बॉक्सला ही सोय नाही.

एका कामासाठी मात्र हा बॉक्स घेऊ नका. फोटोलायेज हे एन्झाइम प्रकाशाच्या ऊर्जेने थायमिनची जोडी पुन्हा सोडवतं. 2023 च्या अखेरीस 'सायन्स'मधल्या दोन शोधनिबंधांनी ही दुरुस्ती क्ष-किरणांनी टप्प्याटप्प्याने टिपली, तेव्हापासून वर्गात ई. कोलाय या जिवाणूवर तो प्रयोग दाखवावा असं अनेक शिक्षकांच्या मनात आहे. पण ई. कोलायच्या फोटोलायेजला 380 च्या आसपासचा प्रकाश हवा. 470 वर काम फारच मंद. त्याऐवजी अतिनील दिलेली जिवाणूंची एक प्लेट खिडकीच्या काचेआड उन्हात ठेवा, दुसरी फॉइलमध्ये गुंडाळून शेजारीच, म्हणजे तापमान सारखं राहील. तासाभराने दोन्ही इन्क्युबेटरमध्ये.

नवा बॉक्स येईपर्यंत जुन्यावरच कापायचं असेल, तर जेल आणि टीएई दोन्हींत 1 मिलिमोलर सायटिडिन किंवा ग्वानोसिन घाला. डीएनएच्या वाटचा बराचसा अतिनील ते शोषून घेतं.