नागपूरच्या उन्हात सारासेनिया पर्प्युरिया, ११ महिन्यांनंतर

सारासेनिया म्हणजे किडे खाणारं झाड, याची पानंच घटासारखी पोकळ असतात आणि किडे त्यात पडतात. गेल्या ऑक्टोबरात याची दोन रोपं ऑनलाइन मागवली होती, एक गेलं आणि एक आज मस्त आहे. सोबतच्या चिठ्ठीत विकणाऱ्यानं लिहिलं होतं, साधी माती, शेणखत, रोज पाणी. मी एकाला तसंच लावलं, वरून बोअरचं पाणी, महिनाभरात घट काठापासून काळे पडत गेले आणि गड्डा हातात मऊ लागला. खूप वाईट वाटलं. नंतर पाण्यातले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरनं मोजलं तर बोअर ६०० पीपीएमच्या वर, आणि याला ५० च्या आत पायजे! हे मूळचं उत्तर अमेरिकेतल्या दलदलीतलं, तिथं जमिनीत नत्र नसल्यातच जमा म्हणून तर किडे खातं, मग खत आणि क्षार याच्या मुळांना सोसणार कसे.

दुसरं वाचलं ते पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खडे) अर्धं-अर्धं, प्लास्टिकची कुंडी, खाली ट्रेमध्ये एसीतून गळणारं पाणी. खत शून्य.

आपल्याकडची मेघालयातली घटपर्णी झाकण घेऊन असते, याचं तोंड मात्र आभाळाकडे उघडं, पावसाचं पाणीच आत साठतं. काठावर लाल शिरा आणि आत खाली वळलेले बारीक केस, बोट आत सरसर जातं, काढताना अडकतं. एप्रिलमध्ये एक वाळका घट चिरून पाहिला तर तळाशी मुंग्यांची डोकी, माशीचे पंख आणि काळा गाळ.

आता थंडीचं. हे कॅनडातल्या न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोर प्रांताचं अधिकृत फूल, तिथं बर्फातही जगतं, त्यामुळं दरवर्षी तीनेक महिने थंड विश्रांती लागतेच. आपल्याकडे डिसेंबरात रात्री १०-१२ डिग्री पण दुपारी २८, तेवढ्यानं भागत नाही. मी गड्डा धुऊन ओल्या मॉसमध्ये गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवला, बायको म्हणाली अहो मेथीच्या बाजूला हे काय, पण तिनंच दर रविवारी बुरशी आली का ते पाहिलं. मार्चच्या सुरुवातीला बाहेर काढलं आणि तीन आठवड्यांत नवे कोंब!

खरी परीक्षा मे महिन्यात, ४५ डिग्री. ट्रेचं पाणी दुपारी हाताला चटका देत होतं आणि मुळं तापली की संपलं. म्हणून कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधे ओली रेती भरली, वर हिरवी नेट, ऊन फक्त सकाळी १० पर्यंत. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, असा काढला, दोनच घट करपले. बाकी महिने पूर्ण ऊन द्या, सावलीत लाली येत नाही.

सध्या ९ घट आहेत. यंदा पावसाचं पाणी दोन ड्रम भरून झाकून ठेवलंय.